सातव्या रविवारची कुस्ती

टीव्हीवर कुस्ती लागली की मी हातात काही धरत नाही आणि तोंडात काही घालत नाही. सूनबाई चहा आणून ठेवते, तो तिथेच गार होतो. तिला वाटतं, म्हातारीला नाद लागलाय. लागलाच आहे, मी कुठे नाही म्हणते? पण माझा नाद आंधळा नाही. मागे एकदा दोन भावांचं भांडण दाखवलं. धाकट्याने थोरल्याच्या डोक्यात खुर्ची घातली, थोरला महिनाभर अंथरुणात, आणि महिना उलटला तर दोघं गळ्यात गळे घालून तिसऱ्यालाच बडवतायत. मधल्या महिन्यात समेट कुणी केला, कोण कुणाच्या पाया पडलं, काही सांगायचं नाव नाही. अशी गोष्ट मी नातवंडांना सांगितली असती तर त्यांनी मला झोपू दिलं नसतं.

"आई, हे सगळं आधी ठरलेलं असतं हो," सूनबाई म्हणते. मी म्हणते, असेल. या बाबतीतला माझा गोंधळ फार जुना आहे, टीव्ही यायच्या कितीतरी आधीचा. अंबरनाथला आमचा नवा संसार होता तेव्हा तो सुरू झाला आणि अजून मिटलेला नाही.

माझं माहेर जांभूळचं, सासर चामटोलीचं. दोन्हीकडे तालमीचं वेड. माझे भाऊ पहाटे तालमीत जायचे. त्यांचे लंगोट मी धुतले, मुरगळलेल्या मानांना तेल चोळलं, पण कुस्ती म्हणून मी कधी पाहिली नव्हती. यात्रेत फडाकडे बायकांनी फिरकायचं नाही ही रीत. आम्ही देवळामागच्या वडाखाली बसायचं आणि आरोळ्यांवरून कोण पडलं ते ओळखायचं. आपल्या आळीतला पडला तर आरोळी आखूड येते, हे मला आठव्या वर्षीच कळत होतं.

लग्न झालं तेव्हा हे अंबरनाथला एका कारखान्याच्या ऑफिसात कारकून होते. पूर्वेला दोन खोल्यांची जागा घेतली होती. सासूबाई वारल्या आणि वर्षभरात मामंजी आमच्याकडे राहायला आले. गावची शेती त्यांनी पुतण्याकडे सोपवली, पण एक गोष्ट कुणाकडे सोपवली नाही. चैत्रातल्या यात्रेच्या फडात पंच म्हणून तेच उभे राहायचे. त्यासाठी गावची चार वडीलधारी माणसं दरवर्षी नारळ घेऊन घरी यायची. पंचाने तो नारळ देवळात नेऊन स्वतःच्या हाताने फोडला की तो त्या वर्षीचा पंच. नको असेल तर नारळ अख्खा परत करायचा. मामंजींनी अठरा वर्षं फोडला होता.

त्यांचं पंचाचं काम मला ह्यांनी सांगितलं होतं, तेही कंटाळत, कारण ह्यांना कुस्तीत काडीचा रस नव्हता. पैलवान पडला की मामंजी आरडाओरड्याकडे लक्ष द्यायचे नाहीत. गुडघ्यांवर हात टेकून वाकायचे आणि उठणाऱ्या पैलवानाची पाठ बघायचे. दोन्ही खांद्यांना माती लागली असेल तर चितपट, मग देव खाली आला तरी निकाल फिरायचा नाही. एका वर्षी त्यांनी सख्ख्या भाच्याला असंच चित ठरवलं होतं. ह्यांच्या आत्या, म्हणजे त्याची आई, दोन दिवाळ्या माहेरी आल्या नाहीत. मामंजी म्हणायचे, माती खोटं बोलत नाही.

पापड विकायला आमच्याकडे एक सिंधी बाई यायची. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात, मिलिटरीच्या जुन्या बराकीत राहायची. फाळणीत सगळं सोडून आलेली, वयाने माझ्याहून वीस वर्षांनी मोठी. मी तिला अदी म्हणायचे, म्हणजे त्यांच्यात ताई. तिनेच मला सांगितलं की त्यांच्या कॅम्पातल्या मैदानात दर रविवारी चार वाजता विलायती कुस्त्या होतात, आणि बायकांना पुढे वेगळ्या खुर्च्या असतात. मला खरंच वाटेना. बायका, कुस्ती आणि खुर्च्या हे तीन शब्द मी एका दमात कधी ऐकले नव्हते.

ह्यांनी परवानगी दिली ती मी तीन दिवस बोलले नाही म्हणून. टांग्याने गेले. मैदानात चारी बाजूंनी कनात, मध्ये उंच चौथरा, त्याला दोरखंडांचं कुंपण, खाली मातीच्या जागी ताणून बसवलेलं कापड. आणि त्यावर ते दोघं.

एक सोनेरी झग्यावाला. झगा काढायलाच तो पाच मिनिटं घ्यायचा. दुसरा दाढीवाला, हंगेरीचा म्हणून लाउडस्पीकरवरून सांगायचे. काळीभोर दाढी पोटापर्यंत. तो आला की सगळं मैदान त्याला शिव्या घालायचं, सिंधीत, हिंदीत, मराठीत. दाढीवाला चावायचा, केस ओढायचा आणि हरायला आला की कमरेच्या पट्ट्यातून तपकीर काढून झग्यावाल्याच्या डोळ्यांत उडवायचा. मग झग्यावाला आंधळ्यासारखा चाचपडायचा आणि दाढीवाला जिंकायचा. दर रविवारी तेढ वाढत जायची. दाढीवाल्याने झग्यावाल्याच्या भावाचा हात मोडला, झग्यावाल्याने आईची शपथ घेतली, असं सगळं.

मी पहिल्याच दिवशी दाढीवाल्याची झाले. का ते मलाही सांगता येत नव्हतं. लोकांना राग यायचा तो त्याचा, मला यायचा झग्यावाल्याचा. एक ठोसा बसला की तो लगेच लोकांकडे वळून तोंड वेडंवाकडं करायचा. अरे, तुला मारणारा मागे उभा आहे, इकडे काय आमच्याकडे औषध मागतोस? आणि तीन रविवार लागोपाठ तपकिरीने डोळे जळलेला माणूस चौथ्या रविवारी निदान त्या पट्ट्याकडे बघून ठेवील की नाही? दाढीवाला लबाड होता, पण कामाशी काम ठेवणारा होता. अदीला माझं पटायचं नाही. ती झग्यावाल्यासाठी पदर डोळ्यांना लावायची. आमची परतताना टांग्यापर्यंत भांडणं व्हायची.

घरी आले की मी सगळं मामंजींना ऐकू जाईल अशा बेताने ह्यांना सांगायचे. हे पेपर वाचत हुं हुं करायचे. मामंजी ओट्यावर पाठमोरे बसायचे. एकदा त्यांनी तोंड न वळवता विचारलं, की तपकीर उडवली तेव्हा पंच काय करत होता. मी म्हटलं, नेमका त्याच वेळी तो बुटाची नाडी बांधत असतो. मामंजी आता माझ्याकडे वळले. मग म्हणाले, अशाला फडात उभा करणाऱ्यालाच पहिला बडवला पाहिजे.

हे सगळं मी नीट सांगते आहे, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ मी आहे.

एक दिवस त्या कुस्त्यांचा कंत्राटदार आमच्या दारात आला. मुंबईचा माणूस, कोटपाटलोण, बोलायला गोड. त्याचं म्हणणं असं, की आसपासच्या गावांतले लोक त्याच्या कुस्त्यांना नावं ठेवतात, येत नाहीत. मामंजींसारखा नावाजलेला पंच उभा राहिला तर ते येतील. पुढच्या सात रविवारांत दाढीवाल्याची आणि झग्यावाल्याची हाणामारी निकालात निघणार आहे. मामंजींनी सरळ नाही म्हटलं. ह्यांनाही हायसं वाटलं. कारखान्यातल्या साहेबांनी वडिलांना चौथऱ्यावर पाहिलं तर काय, ही ह्यांची चिंता. कंत्राटदार बूट घालायला लागला आणि मी दाराआडून बोलले. सासऱ्यांसमोर परक्या पुरुषाच्या देखत बोलायची ती माझी पहिली वेळ.

"मामंजी, तिथे खरा पंच नाही म्हणून तर तपकीर उडते."

मला मनापासून तसंच वाटत होतं. पंच चांगला मिळाला तर दाढीवाल्यालाही सरळ लढावं लागेल, आणि सरळ लढूनही तोच जिंकेल, अशी माझी खात्री होती. मामंजी माझ्याकडे बघत राहिले. मग कंत्राटदाराला म्हणाले की सात रविवार येईन. कंत्राटदार माझ्याकडे बघून हसला, ते हसू मला तेव्हा कळलं नाही.

गावात बातमी पोचायला किती वेळ? यात्रेचा नारळ आणणाऱ्या चौघांपैकी एक अंबरनाथच्या बाजाराला आले होते, ते मुद्दाम घरी येऊन गेले. त्यांनी आडून आडून सांगितलं की तमाशात उभ्या राहिलेल्या माणसाचा निकाल पोरं फडात मानतील की नाही, कोण जाणे. चैत्र लांब आहे, बघू. ते गेल्यावर ह्यांनी टोमणा मारला, की यंदा बाबांना नारळ मिळणार, पण वेगळ्या अर्थाचा. मामंजींनी तो ऐकला. त्या दिवशी ते जेवले अर्धीच भाकरी.

पहिल्या रविवारी ते गुलाबी फेटा बांधून चौथऱ्यावर चढले. तो फेटा फक्त यात्रेला बाहेर निघायचा. मी पुढच्या रांगेत, माझी मान ताठ. आणि काय बघते, तर तपकीर उडाली आणि मामंजी नेमके त्याच वेळी दुसऱ्या कोपऱ्यात तोंड करून उभे. दाढीवाला जिंकला. मामंजी सवयीने वाकून झग्यावाल्याची पाठ बघायला गेले, पण कापडावर कसली माती? पाठ स्वच्छ होती. ते तसेच वाकून थोडा वेळ राहिले आणि मग त्यांनी दाढीवाल्याचा हात वर केला. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्यालाही तेच.

तिसऱ्या रविवारी परतताना टांग्यात त्यांनी मला सांगितलं. हात कुणाचा वर करायचा हे कनातीमागे आधीच सांगून ठेवतात. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी कंत्राटदाराला विचारलं, मग पंच कशाला पाहिजे? तो म्हणाला, लोकांना दिसायला.

माझा विश्वास बसेना. मी म्हटलं, मग झग्यावाल्याच्या कपाळातून रक्त आलं ते? मामंजी म्हणाले, रक्त खरं होतं, मी जवळून पाहिलं. रक्त खरं आणि कुस्ती खोटी, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात बसत नव्हतं. मी विचारलं, मग सोडत का नाही? ते म्हणाले, सात रविवारांचा शब्द दिलाय. त्यांच्यासारख्या माणसाला शब्द मोडणं खोट्या निकालापेक्षा अवघड होतं. ही अडचण मी त्यांच्या गळ्यात बांधली, याची मला फार लाज वाटली.

आता लाज वाटल्यावर माझा नाद सुटायला हवा होता. सुटला नाही. उलट वाढला, हे मी कबूल करते. पूर्वी मी दाढीवाल्यावर चिडायचे नाहीतर झग्यावाल्यावर, आता मी ठरवणाऱ्यावर चिडायला लागले. ठरवायचंच होतं तर नीट तरी ठरवायचं. झग्यावाल्याच्या भावाचा मोडलेला हात चौथ्या रविवारी डावा होता, पाचव्या रविवारी झोळीत उजवा. हंगेरीच्या दाढीवाल्याने सहाव्या रविवारी तहान लागल्यावर चांगल्या खणखणीत हिंदीत लिंबूसरबत मागितलं. मी अदीला हे सगळं दाखवायचे. ती म्हणायची, "बेटी, इतना मत देख. रोना आए तो रो ले." तिला सगळं ठाऊक होतं आणि तरी ती पदर डोळ्यांना लावायची. मला तिचं कोडं तर दाढीवाल्याहून मोठं वाटायचं.

सातवा रविवार शेवटचा. ढोल लावलेली लॉरी आठवडाभर अंबरनाथ-बदलापूरपर्यंत फिरत होती. दाढीवाला हरला तर भर मैदानात त्याची दाढी काढणार, झग्यावाला हरला तर तो कायमचा कुस्ती सोडणार. मामंजींना कंत्राटदाराने कनातीमागे सांगितलं होतं, की आज झग्यावाला. अर्ध्या तासानंतर, मी खूण करीन तेव्हा. चौथऱ्याशेजारी न्हावी खुर्ची मांडून, साबणाची वाटी घेऊन तयारच बसला होता. हे बघूनही लोकांना निकाल कळत नव्हता, याचं मला आजही नवल वाटतं.

त्या दिवशी गावची मंडळीही आली होती. चामटोली, जांभूळ, बदलापूर. पुरुष सगळे मागे दाटीने उभे. नारळवाले चौघंही त्यांत होते, मी ओळखलं. झग्यावाला आला तशी त्याच्या बाजूच्या पोरांनी पिशव्याच्या पिशव्या गुलाल उधळला. अंगावर पडला, दोरांवर पडला, कापडावर तर सडा झाला. घंटा वाजली. दोघांची पकड झाली. अदीने मला भाजलेल्या शेंगांचा पुडा दिला, तो गरम होता, माझ्या हातातच फुटला आणि शेंगा पायाशी सांडल्या. मी वेचायला वाकले. धप्पकन आवाज झाला. वर बघितलं तर झग्यावाला उठत होता, त्याची पाठ खांद्यापासून खांद्यापर्यंत लाल होती, आणि मामंजी गुडघ्यांवर हात टेकून ती पाठ बघत होते.

मग त्यांनी दाढीवाल्याचा हात धरून वर केला.

मिनिटभर तरी कुणाला काही कळलं नाही. सगळ्यांत कमी कळलं ते दाढीवाल्याला. तो आपल्याच वर गेलेल्या हाताकडे बघत होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. झग्यावाला गोल गोल फिरून लोकांना दोन्ही हात दाखवत होता आणि फिरताना सगळ्यांना आपली पाठ दाखवत होता. मागून आमच्या गावची माणसं ओरडायला लागली, पाठ लागली, पाठ लागली. पुढच्या खुर्च्यांवरचे लोक ओरडायला लागले की अजून दोन मिनिटंही झाली नाहीत, ही काय कुस्ती झाली. एक खुर्ची हवेतून गेली. कंत्राटदार चौथऱ्यावर चढला, त्याने मामंजींच्या कानात काहीतरी सांगितलं, मग परत सांगितलं. मामंजींनी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी दाढीवाल्याचा हात सोडला नाही. शेवटी दाढीवाल्यानेच तो हळूच सोडवून घेतला.

लाउडस्पीकरवरून सांगितलं की पंचांची तब्येत बिघडली आहे, कुस्ती पुन्हा सुरू होईल. मामंजी पायऱ्या उतरले. आमच्या रांगेपाशी आले आणि माझ्याकडे बघून मानेने चल म्हणाले. सासऱ्यांनी चल म्हटलं की सुनेने उठायचं, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. मी उठले नाही. अदी मला कोपराने ढोसत होती, "जा, बुला रहे हैं." मी समोर बघत बसले. मला दाढीचं काय होतं ते बघायचं होतं. मामंजी थोडं थांबले आणि एकटे कनातीबाहेर गेले.

तिकिटं फाडणाऱ्या माणसाला पंच करून कुस्ती पुन्हा लावली. अर्ध्या तासाने झग्यावाला जिंकला. न्हाव्याने दाढी काढली. मी रडले, अदी रडली नाही. बाहेर आले तर मामंजी बराकीच्या भिंतीपाशी दगडावर बसले होते, फेटा सोडून मांडीवर घेतलेला. मला बघून ते उठले आणि टांगा शोधायला लागले. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर दीड-दोन महिने त्यांनी कुस्तीचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. अदीकडून पापड घ्यायचे आणि दार लावून घ्यायचे. चैत्र जवळ आला तशी मी रोज बदलापूरकडून येणारी गाडी गेली की रस्त्याकडे बघायचे. नारळ आला नाही तर तो माझ्या जिभेने घालवला, हे मला पक्कं माहीत होतं. ते मला कधी बोलले नसते आणि मी जन्मभर त्यांना भाकरी वाढत राहिले असते.

नारळ आला. चौघं आले, ते हसत हसतच आले. पंचायतीपासून तालमीपर्यंत एकच गोष्ट चालली होती म्हणे, की आपल्या पंचाने मुंबईच्या कंत्राटदाराचं सोंग भर मैदानात उघडं पाडलं. मी चहा ठेवला आणि मला इतका आनंद झाला की साखर दोनदा घातली. मामंजींनी त्यांना आधीच्या सहा रविवारांचं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. चौघांनी ते उडवून लावलं. नाटकातल्या राजाच्या नावावर सातबारा होत नाही, एक जण म्हणाले. खरी कुस्ती सातव्याची, आणि ती आम्ही बघितली. सगळी पाठ लाल होती. हातच्या काकणाला आरसा कशाला?

मामंजींनी नारळ घेतला, पण पाटावर ठेवला. म्हणाले, उद्या मी गावात येतो. फोडायचा तर फोडीन, नाहीतर अख्खा परत देईन. चौघं एकमेकांकडे बघत चहा पिऊन गेले.

दिवेलागणीला हे अजून कामावरून आले नव्हते. मी देवापाशी दिवा लावला आणि मामंजींनी मला बसायला सांगितलं. असं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मी उंबऱ्यापाशी बसले. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, मी गेल्यावर काय झालं. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तिकीटवाला पंच कसा लटपटत होता, दाढीवाल्याने एकदाही तपकीर काढली नाही, न्हाव्याच्या खुर्चीत तो स्वतःहून जाऊन बसला. दाढी गेल्यावर खालून निघालेलं तोंड अगदी साधं होतं, एखाद्या शाळामास्तराचं असावं तसं. मामंजी ऐकत होते. इतकं लक्ष देऊन माझं बोलणं घरात कुणी ऐकलं नव्हतं. मला लाज वाटत होती आणि सांगायला आवडतही होतं.

मग ते नारळाकडे बघत म्हणाले, "सहा रविवार हात वर केला तो त्यांचा. सातव्याला केला तो माझा. तो खोटा असंल तर नारळ परत."

मी म्हटलं, खोटा कसा? सगळ्या गावाने पाठ बघितली.

"पाठ लाल व्हती. पण गुलाल तं पोरांनी वरनंबी टाकलेला. पडला तवा मधी दाढीवाला व्हता, मला खांदे दिसलं नाय. मी तो उठल्यावरची पाठ बघितली, सवयीनं. सांगून ठेवलेलं इसरूनच गेलो." ते थांबले. "तू म्होरं बसली व्हतीस. तुज्या बाजूनं सगळं उघडं व्हतं. दोन्ही खांदे टेकलं का?"

अठरा वर्षांचा पंच मला निकाल विचारत होता. फडाच्या आसपासही ज्यांना येऊ देत नाहीत अशांतली मी. आणि त्यांना खरंच माहीत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी काय पाहिलं होतं ते मला पक्कं आठवत होतं. धुळीतल्या शेंगा, माझ्या चपलेचा अंगठा आणि अदीचे पाय.

"टेकले, मामंजी," मी म्हटलं. "दोन्ही."

त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या वेळी विचारलं नाही. पंचाला दोनदा विचारत नाहीत.

सकाळी ते गुलाबी फेटा बांधून पहिल्या गाडीने गावाला गेले. संध्याकाळी परतले ते हातात नारळाची अर्धी वाटी घेऊन. पुढे आणखी नऊ वर्षं ते फडात उभे राहिले आणि त्यांचा एकही निकाल कुणी फिरवला नाही. ती वाटी त्यांनी ह्यांच्याकडे दिली नाही, देवापुढे ठेवली नाही. सरळ चुलीपाशी आले, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तुजा मान हाय, तू खा." ते समोरच बसून राहिले, म्हणून मी त्यांच्यादेखत ते सगळं खोबरं खाल्लं.